वाचकांचे प्रश्न : गुत्तेदाराकडे अडकलेला पैसा

अर्धवट आणि निकृष्ट बांधकामाबद्दल मराठवाड्यातून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि गुत्तेदारांची नावे वगळली आहेत. उत्तरे स्थापत्य अभियंता आणि ग्राहक प्रकरणे चालवणारे वकील यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न (लातूर) : स्वतःच्या प्लॉटवर ११०० चौरस फुटांचे घर मटेरिअलसह १,७०० रुपये फुटाने गुत्त्याने दिले. करार वहीच्या एका पानावर आहे, खाली दोघांच्या सह्या. आजवर साडेतेरा लाख दिले. त्यातले चार लाख रोख. स्लॅब पडला, विटांचे काम झाले आणि गुत्तेदार पाच महिन्यांपासून फिरकला नाही. स्लॅबला खालून दोन ठिकाणी जाळी (काँक्रीट नीट न भरल्याने राहिलेली भोके) दिसते. आधी केस करायची की दुसरा माणूस लावून घर पुरे करायचे?

उत्तर : दोन्हीच्या आधी मोजणी. पाच महिने गेलेच आहेत, अजून तीन आठवडे जाऊ द्या, पण तोवर कामाला कुणाचा हात लागू देऊ नका. दुसऱ्या मिस्त्रीने गिलावा चढवला की पहिल्याने काय केले आणि काय सोडले हे दाखवणारी भिंतच झाकली जाते. मग पहिला गुत्तेदार बेधडक सांगतो, "हे सगळं मीच केलं होतं." अशा तक्रारी फसतात त्या बहुधा इथेच.

गुत्तेदाराला आधी साधे पत्र पाठवा : अमुक तारखेला सकाळी ११ वाजता अमुक अभियंता जागेवर मोजणी करणार आहे, तुम्ही हजर राहा, न आल्यास मोजणी होईलच. निदान सात दिवसांची मुदत द्या. पत्र त्याच्या घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच व्हॉट्सॲपवरही टाका. तो येणार नाही, पण "माझ्या माघारी मोजलं" असे त्याला पुढे म्हणता येत नाही. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आले तर ते फोडू नका, बंदच ठेवा. बंद पाकीट हा चांगला पुरावा आहे.

मोजणीला परवानाधारक अभियंता किंवा शासनमान्य व्हॅल्युअर बोलवा. पाया, जोते, कॉलम, स्लॅब, वीटकाम अशा प्रत्येक बाबीची लांबी-रुंदी-उंची, त्यावरून परिमाण, त्याला लावलेला दर, टेप दिसेल असे फोटो, दोषांची वेगळी यादी आणि प्रत्येक दोषाच्या दुरुस्तीचा खर्च अहवालात हवा. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. "काम निकृष्ट दर्जाचे आढळले" एवढ्या एका वाक्याचा अहवाल आणला तर फी वाया गेली समजा. शेजारच्या दोघांना साक्षीला उभे करून जागेचा साधा पंचनामाही लिहा. पडून असलेली खडी, सळई, सिमेंटची पोती सगळे त्यात मांडा.

आता हिशोब. इथे लोक फार गोंधळतात, म्हणून तुमचेच आकडे घेतो. कराराची रक्कम १८,७०,०००. समजा अभियंत्याने झालेले काम ५५ टक्के धरले, तर त्याची किंमत १०,२८,५००. तुम्ही दिले १३,५०,०००. म्हणजे ३,२१,५०० जास्त गेले. उरलेले काम जुन्या दराने ८,४१,५०० चे. नवा गुत्तेदार त्याच कामाचे ९,६०,००० मागतो, तर फरक १,१८,५००. जाळी पडलेल्या स्लॅबची दुरुस्ती समजा ६४,०००. एकूण मागणी ५,०४,००० रुपये. ताळा असा करा : दिलेले साडेतेरा लाख, नव्या माणसाचे ९ लाख ६० हजार आणि दुरुस्तीचे ६४ हजार मिळून २३,७४,००० होतात. त्यातून कराराचे १८,७०,००० वजा करा, पुन्हा ५,०४,०००च येतात. पुष्कळ जण जास्तीचे सव्वातीन लाखही मागतात आणि नव्या माणसाचे पूर्ण ९ लाख ६० हजारही मागतात. ती मागणी दुप्पट होते, आणि एक आकडा फुगवलेला दिसला की बाकीच्यांवरही शंका येते. घरभाडे वेगळे मागता येते, पण वहीत काम पुरे करायची तारीख असेल तर त्या तारखेपासून आणि भाडेकरार किंवा बँकेची नोंद असेल तरच.

जाळीचे म्हणाल, तर दोन ठिपक्यांसाठी लगेच कोअर (तपासणीसाठी कापलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढायला धावू नका. सैल भाग छिन्नीने काढून आतली सळई उघडी पडते का, गंज आहे का ते आधी पाहा. अख्ख्या स्लॅबच्या ताकदीबद्दल शंका असेल तर रिबाउंड हॅमरने (पृष्ठभागावर ठोका देऊन ताकदीचा अंदाज देणारे उपकरण) चाचणी घ्या आणि तीही संशयास्पद आली तरच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी कोअर द्या. काँक्रीटच्या भारतीय मानकाचा, आयएस ४५६ चा, निकष असा : तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. एम-२० काँक्रीट (ताकद २०) ठरले असेल तर सरासरी १७ आणि प्रत्येकी किमान १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.

मोजणीनंतर रकमेच्या मागणीची नोटीस द्या, मुदत १५ दिवस. त्याचा मिक्सर किंवा सेंटरिंगच्या प्लेटा जागेवर असतील तर अडवून ठेवू नका. यादी नोटिशीत लिहा आणि "पावती देऊन घेऊन जा" म्हणा. नाहीतर पैसे राहतात बाजूला आणि सामान दाबल्याची उलटी तक्रार तुमच्यावर येते.

नोटिशीची मुदत संपली की दुसरा गुत्तेदार लावायला हरकत नाही, लावावाच. नुकसान वाढू न देणे ही तुमचीही जबाबदारी आहे. घर तसेच ठेवून तीन वर्षांचे भाडे मागितले तर मिळत नाही. कॉलमच्या उघड्या सळयांना सिमेंटची घोळ लावून घ्या, आणि तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नका.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा. स्वतःच्या प्लॉटवरच्या अशा कामाला महारेरा (रेरा कायद्याखालचे राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) लागू नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही 'सेवा' आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी मागणीवर नाही, तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते : ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तुम्हाला ४०० लागतील. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गुत्तेदार कुठलाही असो. वकील सक्तीचा नाही. गुत्तेदाराला म्हणणे मांडायला ३० दिवस आणि फार तर वाढीव १५. निकालाची मुदत कायद्यात तीन महिने, तपासणी लागल्यास पाच. प्रत्यक्षात बराच जास्त वेळ लागतो, हे धरूनच चला.

रोख चार लाखांचे काय? वहीत त्याच्या सहीची नोंद असेल तर उत्तम. नसेल तर त्या तारखांना बँकेतून काढलेली रक्कम, "दीड मिळाले" अशा धर्तीचे त्याचे संदेश, देताना हजर असलेला माणूस हे एकमेकांना जोडून दाखवा. चॅट एक्सपोर्ट करा, पण मूळ फोन विकू नका. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले तर डिजिटल पुराव्यासाठीचे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत लागते.

प्रश्न (धाराशिव) : घराला दीड वर्ष झाले. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघाल्या, एका खोलीत बोट जाईल एवढी. गुत्तेदार म्हणतो, "काळी माती आहे, त्याला मी काय करू?"

उत्तर : काळी माती ही अचानक आलेली आपत्ती नाही. खणायला सुरुवात केली तेव्हाच ती त्याला दिसली होती. ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि थर जाड असेल तर ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोचते. म्हणून पाया मुरमापर्यंत नेतात; मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेले, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब) घेतात. वर प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा काँक्रीटचा पट्टा), जोत्यात उपसलेली काळी माती परत न टाकता मुरमाचा भराव, घराभोवती बाहेर उतार असलेला तीन-चार फुटांचा कोबा. यातले काय केले नाही, हे शोधायचे आहे.

आधी भेग कशाची ते ठरवा. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके इपॉक्सीने चिकटवा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते. जोडीला भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खिळा ठोकून त्यांच्यातले अंतर महिन्याला एकदा व्हर्नियरने मोजा. मे महिन्यात अंतर वाढले आणि भाद्रपदात कमी झाले तर दोष पायाचा. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक भेगा, ज्यांचे माप बदलत नाही, त्या बहुतेक पाणी कमी मारल्याच्या. उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीटला निदान १० दिवस ओल हवी. टँकरवर चाललेल्या कामात हीच गोष्ट आधी कापली जाते. इथे तुमचा करार काढून बघा. "पाणी मालकाचे" असे लिहिले असेल आणि पाणी तुम्हीच पुरवू शकला नसाल, तर या भेगांचा दोष अर्धा तुमच्याकडेही येतो. पायाच्या भेगांना मात्र ही सबब चालत नाही.

दोष पायाचा दिसला तर बाहेरच्या कोपऱ्याजवळ चाचणी खड्डा घ्या. कोरड्या दिवसांत, अभियंत्यासमोर, एका वेळी एकच, आणि फुटिंगच्या (पायाच्या सर्वांत खालच्या पसरट बैठकीच्या) तळाखाली न जाता. चार-पाच फुटांहून खोल जायचे असेल तर बाजूंना फळ्यांचा आधार द्या; काळ्या मातीचा कडा पूर्वसूचना न देता बसतो. जोत्याच्या माथ्यापासून फुटिंगच्या तळापर्यंत टेप लावून फोटो काढा. नकाशात पाच फूट आणि जागेवर तीन फूट निघाले की पुढे फारसे वादाला उरत नाही. मात्र खर्च वाचवायला "पाया कमी घ्या" असे तुम्हीच सांगितल्याचा संदेश त्याच्याकडे असेल, तर भरपाई कमी होणार हे गृहीत धरा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : फ्लॅटचा ताबा मिळून तिसरे वर्ष सुरू आहे. बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल, बेडरूमचा गिलावा फुगून पडतो. बिल्डर करारातील "एक वर्षाची हमी" दाखवतो.

उत्तर : ते कलम सोडून द्या. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. करारात एक वर्ष लिहून ही मुदत तोडता येत नाही.

कळवताना "ओल येते" एवढेच न लिहिता कुठून येते ते लिहा. बाथरूमची जाळी घट्ट बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभे ठेवा, कडेला पातळीची खूण करा. भिंत किंवा खालच्या फ्लॅटचे छत ओलावले तर बाथरूमखालच्या बुडवलेल्या (खाली घेतलेल्या) स्लॅबचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. पातळी टिकली, पण नळ सुरू असतानाच ओल वाढते, तर भिंतीतला पाइप. फक्त पावसानंतर बाहेरच्या भिंतीवर उमटते, तर बाहेरचा गिलावा. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. बिल्डरचा माणूस पुट्टी आणि रंगाचा हात मारून जातो कारण नेमके काय करायचे ते कुणी त्याला लिहून मागितलेले नसते. दुरुस्तीची पद्धत लेखी घ्या आणि एक पावसाळा जाईपर्यंत "काम समाधानकारक" अशा कागदावर सही करू नका.

३० दिवसांत हालचाल झाली नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार, फी ५,००० रुपये. भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नव्हती. अशा वेळी ग्राहक आयोगाचा रस्ता सोपा. नोंदणी असली तरी ग्राहक आयोग बंद होत नाही, पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नका.

प्रश्न (जालना) : बुकिंगचे सहा लाख दिले, करार नोंदवला, ताब्याची तारीख उलटून वर्ष झाले. पैसे परत मागितल्यावर बिल्डरने चेक दिला, तो वटला नाही. आता म्हणतो, आधी करार रद्द करून द्या, मग पैसे देतो.

उत्तर : रद्द करारावर आधी सही मुळीच करू नका. तुमच्या विनंतीवरून रद्द झाला असे त्यात लिहिले की बिल्डरची चूक तुमची माघार होते आणि कपातीचे कलम लागते. रद्द पत्र नोंदवायचे ते आरटीजीएस खात्यात जमा झाल्यावर किंवा डिमांड ड्राफ्ट हातात आल्यावर.

चेकच्या तारखा आजच कॅलेंडरवर लिहा. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरलेला हवा. न वटल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस पोचल्यापासून १५ दिवस त्याला पैसे द्यायला. ते संपल्यावर एक महिन्याच्या आत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेकच्या कायद्याच्या) कलम १३८ ची तक्रार न्यायालयात. "सोमवारी देतो, पुढच्या सोमवारी देतो" करत हे ३० दिवस घालवणे हा बिल्डरांचा जुना डाव आहे.

चेकचे प्रकरण वेगळे, रेराचे वेगळे. कलम १८ नुसार ताबा वेळेत न दिल्यास तुम्ही प्रकल्पातून बाहेर पडून सगळी रक्कम व्याजासह मागू शकता. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाचा आधारभूत व्याजदर) दोन टक्के जास्त. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर महारेरा जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचे वॉरंट पाठवते आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कागद तहसीलला पोचून तिथेच पडतो, हे खरे. तलाठ्यापुढे नुसते बिल्डरचे नाव न ठेवता त्याच्या जमिनींचे गट क्रमांक, सातबारा आणि न विकलेल्या फ्लॅटची यादी ठेवा. मालमत्ता समोर असली की जप्तीची नोटीस निघते.

प्रश्न (बीड) : गुत्तेदाराने काम अर्धवट सोडले. पोलिस "हे दिवाणी आहे" म्हणून तक्रार घेत नाहीत.

उत्तर : काम अर्धवट सोडणे एवढ्यावर ते बरोबरच म्हणतात. फसवणूक तेव्हा, जेव्हा सुरुवातीपासूनच हेतू खोटा असल्याचे दिसते : एकच फ्लॅट दोघांना विकला, परवानगी नसताना बनावट दाखवली, सिमेंट-सळईच्या खोट्या बिलांवर पैसे उचलले. असे काही असेल तर तेवढेच मुद्दे कागदांसह लेखी द्या आणि पोच घ्या. नसेल तर ठाण्याच्या फेऱ्यांत वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, दिवाणी दाव्याची साधारण तीन. गुत्तेदाराचे नुसते तोंडी "देतो, देतो" ही मुदत वाढवत नाही. मुदत संपण्याआधी त्याच्याकडून देणे मान्य असल्याचे सहीनिशी लिहून घेतले तर पैशाच्या दाव्याची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजतात.

प्रश्न (हिंगोली) : आईच्या नावे घरकुल मंजूर झाले. मिस्त्रीने दुसरा हप्ता उचल म्हणून घेतला आणि जोत्यावर काम सोडले.

उत्तर : प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घर लाभार्थ्याने स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधायचे असते, योजनेत ठेकेदार नसतो. म्हणून पुढचा हप्ता कामाच्या टप्प्यावर अडेल आणि त्याचे उत्तर आईंनाच द्यावे लागेल. पंचायत समितीच्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला आजच लेखी कळवून जोत्यापर्यंतच्या कामाची नोंद करून घ्या. वसुलीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो आणि दावा न करताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तिथे तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याची किंमत असते आणि तिच्यावर अपील नसते. हप्त्याने फेड ठरली तर प्रत्येक हप्त्याची तारीख, आणि एक चुकल्यास सगळी रक्कम एकदम देय होईल, हे तडजोडीत लिहून घ्या.

प्रश्न (परभणी) : जिल्हा आयोगाचा निकाल आमच्या बाजूने लागून आठ महिने झाले. गुत्तेदार म्हणतो, वर अपील केले आहे.

उत्तर : अपिलाला मुदत ४५ दिवसांची आणि आदेशातील रकमेच्या ५० टक्के भरल्याशिवाय राज्य आयोग ते ऐकत नाही. अपिलाचा क्रमांक आणि स्थगितीचा आदेश त्याच्याकडे लेखी मागा. नुसते अपील म्हणजे स्थगिती नव्हे. स्थगिती नसेल तर जिल्हा आयोगातच दोन अर्ज करा : ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीचा, ज्यात त्याचे बँक खाते, वाहन, प्लॉट जप्त होऊ शकतात, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळल्याचा, ज्यात एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान २५,००० ते एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पैसे बहुधा दुसऱ्या अर्जात वॉरंट निघाल्यावर हलतात. पहिला अर्ज भरताना त्याचे खाते कुठल्या शाखेत आहे ते तुमच्याच जुन्या यूपीआय आणि चेकच्या नोंदींतून काढा. निकालानंतर त्याने प्लॉट बायकोच्या किंवा भावाच्या नावे केला असेल तर फेरफार नोंदीची नक्कल अर्जाला जोडा.